पिरेनीजचा तह : सही झाली म्हणजे सीमा ठरली असं नव्हे

फ्रान्स आणि स्पेन यांच्यातल्या पिरेनीजच्या तहावर मी लिहिलं, त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच घोळ आहे. ७ नोव्हेंबर १६५९ला बिदासोआ नदीतल्या फेझंट बेटावर सह्या झाल्या आणि त्याच दिवशी आजची सीमा नकाशावर उमटली, असं अनेकांनी धरून टाकलंय. म्हणून काही प्रश्नांना इथे एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न : तीस वर्षांचं युद्ध १६४८ला संपलं, मग हे दोघे १६५९पर्यंत का लढत होते? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, लातूर)

तीस वर्षांचं युद्ध मिटवणाऱ्या वेस्टफालियाच्या तहांत फ्रान्स आणि स्पेनचं आपसातलं युद्ध मिटलंच नव्हतं. ते १६३५ ते १६५९ असं वेगळं लिहा.

प्रश्न : तहावर सह्या राजांनी केल्या का?

नाही. फ्रान्सकडून कार्डिनल माझारिन आणि स्पेनकडून डॉन लुईस दे हारो या मंत्र्यांनी केल्या. लुई चौदावा आणि फिलिप चौथा त्या बेटावर भेटले ते पुढच्या वर्षी, जून १६६०मध्ये.

प्रश्न : नकाशात फ्रान्सच्या आत लिव्हिया नावाचा स्पेनचा एक ठिपका दिसतो. कारकून ते नाव लिहायला विसरला म्हणून गाव स्पेनकडे राहिलं, असा मेसेज आमच्या ग्रुपवर आलाय. खरं आहे का? (निवृत्त शिक्षिका, सांगली)

खोटं आहे. बाई, तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलंत. बाकीच्यांनी न विचारताच तो पुढे ढकलला.

तहाचं ४२वं कलम सांगतं की प्राचीन काळी गॉल (साधारण आजचा फ्रान्स) आणि हिस्पानिया (स्पेनचा भाग) यांना वेगळं करणारा पिरेनीज हीच दोन्ही राज्यांची हद्द राहील. वाचायला सोपं वाटतं, पण डोंगररांग म्हणजे पेन्सिलीची रेघ नव्हे. लिव्हिया ज्यात आहे ते सेरदान्या हे त्या डोंगरांतलं रुंद, सुपीक खोरं. त्यातून वाहणारी सेग्रे नदी पुढे स्पेनमधल्या एब्रो नदीला मिळते. पाण्याच्या उताराने पाहिलं तर खोरं स्पेनचं. फ्रान्सला मात्र तिथून, या तहाने मिळालेल्या रुसियों प्रांताकडे जाणारी आपल्या ताब्यातली वाट हवी होती. १६६०च्या वसंतात दोन्हीकडचे आयुक्त सेरे या गावी बसले, प्राचीन ग्रंथकारांचे दाखले एकमेकांपुढे टाकले आणि तोडगा न काढता उठले. शेवटी वरच्या पातळीवर ठरलं की सेरदान्यातली ३३ खेडी फ्रान्सने घ्यावीत. कोणती ३३, यासाठी आणखी वाटाघाटी झाल्या आणि त्यांचा करार १२ नोव्हेंबर १६६०ला झाला. कुठे झाला? त्याच लिव्हियात. ज्या गावात बसून करार केला, ते गाव लिहायला विसरले म्हणे!

स्पेनचं म्हणणं असं की लिव्हियाला सोळाव्या शतकातच सम्राट पाचव्या चार्ल्सने नगराचा दर्जा दिलेला आहे, त्यामुळे ते खेड्यांच्या यादीत धरता येणार नाही. फ्रान्सने ते मान्य केलं, पण स्पेनने तिथे तटबंदी बांधायची नाही अशी अट घालून. विसरलेल्या गावावर अशी अट कोण घालतं?

एवढं होऊनही जमिनीवर खुणा नव्हत्याच. चराई, पाणी, सरपण यांवरून दोन्हीकडची गावं जवळजवळ दोनशे वर्षं भांडत राहिली. १८५६ ते १८६८ या काळातल्या बायोनच्या करारांनंतर सीमेवर क्रमांक कोरलेले दगड आले. अटलांटिकपासून भूमध्य समुद्रापर्यंत असे ६०२ आहेत.

आणि त्या माणसांचं काय झालं, हे तर कोणी विचारतच नाही. रुसियोंच्या लोकांना कोणीही कौल मागितला नव्हता. कॅटलन परंपरेतले त्यांचे हक्क राखू, अशी हमी होती; पण १६६०तच रुसियोंचं मुख्य शहर पेर्पिन्यां इथल्या त्यांच्या जुन्या संस्था बंद करून राजाचं नवं मंडळ नेमलं गेलं. मागोमाग मिठावरचा कर आला आणि त्याविरुद्ध डोंगराळ भागातले लोक वर्षानुवर्षं लढले. १७००मध्ये सरकारी कागदांतून कॅटलन भाषेला मनाई झाली. ‘रुसियों फ्रान्सला मिळालं’ या तीन शब्दांच्या नोट्सवर अभ्यास उरकणाऱ्यांना यातलं काही दिसत नाही, आणि अशा नोट्स पैसे घेऊन विकल्या जातात याचा मला मनापासून राग येतो. १६५९चा तह आणि १६६०चा लिव्हियाचा करार हे दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचा. एखाद्या विशिष्ट गावाबद्दल लिहायचं असेल, तर पेर्पिन्यांच्या जिल्हा अभिलेखागाराला आधी पत्र पाठवून विचारा.

प्रश्न : या तहात राजकन्येचा हुंडा ठरला होता. मुंबई हुंड्यात दिली तसाच हा प्रकार का? (वाचक, वसई)

प्रकार वेगळा, पण धागा जुळतो. इथे फिलिपची मुलगी मारिया तेरेसा लुईला दिली. तिने स्पेनच्या गादीवरचा हक्क सोडायचा आणि बापाने ५ लाख सुवर्ण एक्यू (फ्रेंच नाणी) द्यायचे, असं ठरलं. फ्रेंचांनी हक्क सोडणं पैशांच्या भरण्याशी बांधून ठेवलं होतं. पैसे आलेच नाहीत. १६६७मध्ये लुईने तिच्या नावाने स्पॅनिश नेदरलँड्सवर (साधारण आजच्या बेल्जियमवर) चाल केली, तेव्हा हा थकलेला हुंडाही त्याच्या दाव्यात होता.

मुंबईशी संबंध असा : याच तहात फ्रान्सने पोर्तुगालला मदत न करण्याचं कबूल केलं. स्पेनपासून सुटू पाहणारा पोर्तुगाल एकटा पडला आणि इंग्लंडकडे वळला. १६६१च्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला मिळाली. तिथेही सही आणि ताबा यांत अंतर पडलंच. मुंबईबरोबर साष्टीही आली का, यावर वाद झाला, इंग्रज शिपाई अंजदीव बेटावर खितपत पडले आणि ताबा मिळायला १६६५ उजाडलं. वसईच्या एखाद्या गावाचे हक्क कोणाकडे गेले हे शोधत असाल, तर गोवा पुराभिलेखागारातल्या जाणकारांना भेटा. माझ्या चार ओळींवर विसंबू नका.

प्रश्न : एक ऑनलाइन विक्रेता ‘तहाचा १६५९चा मूळ सीमानकाशा’ प्रमाणपत्रासह देतोय. आज रात्रीपर्यंतच सवलत आहे. घ्यावा का?

पैसे पाठवू नका. सेरदान्यातली सीमा १६५९मध्ये ठरलेलीच नव्हती, त्यामुळे ती दाखवणारा नकाशा त्या वर्षीचा असूच शकत नाही. जुन्या नकाशाच्या पुस्तकाचं पान फाडायचं, हद्दीवर ताजा रंग फिरवायचा आणि किंमत वाढवायची, ही या धंद्यातली जुनी चलाखी आहे. भिंगातून पाहा : छपाईत सारख्या अंतराचे बारीक ठिपके दिसले तर ती आधुनिक प्रत. तांब्याच्या पत्र्यावरून केलेल्या छपाईत बहुधा चित्राभोवती त्या पत्र्याच्या कडांचा दाब कागदात उमटलेला असतो. तोही नकली बनवता येतो, म्हणून कागदाच्या जाणकाराला प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय निर्णय नको. दाखवायला विक्रेता तयार नसेल तर तिथेच थांबा.

प्रश्न : एम.ए.चा प्रबंध याच तहावर आहे, महिन्याभरात द्यायचा आहे. मूळ कागद कुठे मिळतील? (विद्यार्थिनी, पुणे)

फ्रान्सचे तह परराष्ट्र खात्याच्या, पॅरिसजवळच्या ला कुर्नव्ह इथल्या अभिलेखागारात, स्पेनची राज्यकारभाराची कागदपत्रं सिमांकासच्या अभिलेखागारात. महिन्याभरात तिथून काही मागवून, वाचून, समजून होणार नाही. हे काम सहा महिन्यांपूर्वी सुरू व्हायला हवं होतं. आता छापील मजकुरावर भागवा, विषय एका कलमापुरता आवळा, आणि हे बदल मार्गदर्शकांना आजच सांगा, शेवटच्या आठवड्यात नको.

प्रश्न : बार्सिलोनाला जातोय. लिव्हिया आणि ते बेट पाहता येईल का? एकदाच प्रवेशाचा व्हिसा आहे.

लिव्हियाला स्पेनमधल्या प्युजसेर्दा गावाहून रस्ता आहे. दोन्ही देश शेंगेनमध्ये (एकच व्हिसा चालणाऱ्या देशांच्या गटात) असल्याने वाटेत फ्रान्समधून गेलात तरी नवा प्रवेश धरला जात नाही, पण पासपोर्ट जवळ ठेवा आणि निघण्याआधी वाणिज्य दूतावासाकडून खात्री करून घ्या. बेट तिथून खूप दूर, पार अटलांटिकच्या टोकाला आहे. त्याचा कारभार सहा-सहा महिने आलटून पालटून दोन्ही देश पाहतात : १ फेब्रुवारीपासून स्पेन, १ ऑगस्टपासून फ्रान्स. एरवी पर्यटकांना बेटावर उतरू देत नाहीत. स्पेनमधल्या इरूनच्या किंवा फ्रान्समधल्या आंदायच्या काठावरून पाहा.