विषय देणाऱ्याला उत्तर ठाऊक नसावे

नौपाडा, ठाणे

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

कोपरखैरण्याच्या शाळेतील आठवी-नववीच्या मुलांसाठी शनिवारचा लेखनवर्ग तुझ्याकडे आला आहे आणि मुलांना लिहायला कोणते विषय द्यावेत, असे तू विचारले आहेस. सोबत पाठवलेली यादी मी वाचली. ‘माझा आवडता ऋतू’, ‘मोबाईल : शाप की वरदान’, ‘मी पक्षी झालो तर’, ‘झाडाचे मनोगत’ हे विषय वाईट आहेत असे मी म्हणणार नाही, परंतु त्यांवर मुले काय लिहितील हे तुला आजच सांगता येईल, आणि मुलांनाही ते पुरते ठाऊक आहे. झाड सावली देते, फळे देते, माणूस त्यावर कुऱ्हाड चालवतो आणि अखेरीस ‘झाडे लावा, झाडे जगवा’ येते. बाईंना कोणते उत्तर हवे आहे ते ओळखून, चार परिच्छेदांत ते मांडून मोकळे होण्याइतके चौदा वर्षांचे मूल नक्कीच हुशार असते. आता तर तेवढेही कष्ट नकोत. फोनमधला एखादा प्रोग्राम ते अर्ध्या मिनिटात लिहून देतो.

म्हणून विषय काढताना माझी कसोटी एकच असते. ज्या प्रश्नाचे उत्तर मला खरोखर ठाऊक नाही आणि जे समोरच्या मुलाकडे आहे, किंवा त्यालाच शोधता येईल, तोच प्रश्न मी विचारते. शिक्षकाचे कुतूहल खरे आहे की औपचारिक, हे मुलांना लगेच कळते.

तुझ्या शाळेच्या फाटकाबाहेरच पाहा. १९७० साली सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी घेऊन नवी मुंबई वसवण्यात आली, हे वाक्य मुले वाचतील आणि विसरतील. पण तुझ्या वर्गात एका बाकावर गावठाणातले मूल बसलेले असेल, ज्याच्या पणजोबांची भातशेती किंवा मिठागर आज एखाद्या सेक्टरखाली गेले आहे, आणि त्याच्या शेजारी सातारा, जळगाव किंवा उत्तर प्रदेशातून आलेल्या घरातले मूल असेल, ज्याने आपल्या इमारतीआधी त्या जागेवर काय होते याचा कधी विचारही केलेला नसेल. दोघांना एकच विषय दे : ‘आपण राहतो त्या जागी पन्नास वर्षांपूर्वी काय होते, हे परिसरातल्या एखाद्या वयस्कर माणसाला विचारा आणि ते जे सांगतील ते शक्यतो त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.’ एखादी आजी आगरीत, म्हणजे इथल्या स्थानिक बोलीत, बोलली असेल, तर मुलाने ती आगरी तशीच वहीत उतरवावी. तिला प्रमाण मराठीत बसवण्याचा मोह तू आवर, कारण मिठागरावरच्या कामाच्या आठवणी सरकारी अहवालाच्या भाषेत आल्या की त्यांत सांगणारी व्यक्ती उरत नाही. व्याकरण शिकवायला इतर तास आहेत. आमच्या बाजूला हाच विषय वागळे इस्टेटच्या मुलांना देता येतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची ती पहिली वसाहत, आणि बंद झालेल्या कारखान्याच्या भोंग्यावर ज्यांच्या घराचे घड्याळ चालत असे, अशी माणसे अजून तिथे भेटतात.

याच जातीचा आणखी एक विषय मला फार आवडतो : ‘घरातली मोठी माणसे नेहमी बोलतात, पण मला अजून नीट न कळलेली एक गोष्ट.’ कोणी जमीन गेलेल्यांना सिडकोकडून मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर लिहील, कोणी पुनर्विकासाच्या बैठकीवर, कोणी गावाकडच्या सातबाऱ्यावरून काका आणि बाबांमध्ये धरल्या गेलेल्या अबोल्यावर. न समजलेल्या गोष्टीवर लिहायला मुलांना परवानगी लागते, कारण शाळेत त्यांना सदैव समजलेलेच लिहायला सांगितले जाते.

दुसरा प्रकार निरीक्षणाचा, आणि त्याला बंधन हवेच. ‘खाडीचे वर्णन करा’ असे म्हटलेस की निळेशार पाणी आणि सोनेरी किरणे येणार, प्रत्यक्षात पाणी मातकट असले तरी. त्याऐवजी मुलांना मोठ्या माणसांसोबत वाशीच्या सागर विहारला एकाच दिवशी दोनदा जायला सांग, एकदा भरतीला आणि एकदा ओहोटीला. दोहोंत सुमारे सहा तासांचे अंतर असते. एकाच जागी उभे राहून दोन परिच्छेद लिहायचे, मात्र ‘भरती’, ‘ओहोटी’, ‘सुंदर’ आणि ‘मनमोहक’ हे शब्द वापरायचे नाहीत. मग चिखल, खारफुटीची वर आलेली मुळे, वास, कलंडलेली होडी, पाण्यासोबत आत आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या असे सारे आपोआप वहीत येते. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला, हे त्यांना लिहून झाल्यावर सांग. आधी सांगितलेस तर सगळ्यांच्या वहीत तीच माहिती उतरेल. हिवाळ्यात गेलीस आणि रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, दिसले, तर पक्ष्यांकडे पाठ फिरवून स्वतःचेच फोटो काढणाऱ्या माणसांवर लिहायला लाव. मोठ्यांचे निरीक्षण करण्याची अधिकृत संधी या वयाची मुले सोडत नाहीत.

कल्पनेच्या विषयांना माझा विरोध नाही, पण कल्पनेला पाय टेकायला थोडी जमीन लागते. नववीच्या वर्गाला ‘अचानक दिवे गेले आणि…’ एवढेच दिलेस तर बहुतेक वह्यांत भूत येते आणि उरलेल्यांत खून पडतो. त्याऐवजी असे दे : दिवे गेले आणि दोन वर्षे एकमेकांशी न बोलणारे शेजारी लिफ्टमध्ये अकरा मिनिटे अडकले, केवळ त्यांचे संवाद लिहा, वर्णन नको. इतिहासालाही हेच लागू आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी १४ डब्यांतून सुमारे ४०० निमंत्रितांना घेऊन ठाण्याला आली. ‘पहिल्या रेल्वेचे आत्मवृत्त’ दिलेस तर हे आकडे आणि इंजिनांची नावे तुला वहीत परत मिळतील. पण निमंत्रण नसलेली एक ठाण्याची मुलगी दुरून ती गाडी पाहून घरी गेली आणि आजीने ‘बैल नाहीत, मग ओढतं कोण?’ असे विचारले, तर ती काय सांगेल? ‘इंजिन’ आणि ‘वाफ’ हे शब्द तिला येत नाहीत, एवढी एक अट घाल. या अटीवर मुले किती वेळ पेन चावत बसतात ते पाहा, आणि त्या शांततेत मध्ये बोलू नकोस.

वर्गातील व्यवस्थेबद्दल थोडेच सांगते. दहा मिनिटांची वेळ पुरेशी आहे, आणि त्या दहा मिनिटांत तूही फळ्याकडे पाठ करून त्याच विषयावर लिहीत बैस. फेऱ्या मारून वह्यांत डोकावणाऱ्या शिक्षकासमोर कोणी मनातले लिहीत नाही. वाचून दाखवण्याची सक्ती नको. जे पान कोणी वाचू नये असे वाटते, त्याची घडी घालण्याची मुभा असावी.

घडीच्या पानाबाबत मात्र एक गोष्ट गंभीरपणे ऐक. ‘आयुष्यातील सर्वांत दुःखद प्रसंग’ असला विषय कधीही देऊ नकोस; ज्या मुलाच्या घरी नुकतेच काही घडले आहे त्याला आपण भर वर्गात कोंडीत पकडतो, आणि इतर मुले दुःख रचतात. तरीही साध्या विषयातून कधी कधी भलतेच बाहेर येते. मारहाण, छळ, स्वतःला इजा करण्याचा विचार असे काही वाचनात आले, तर ‘मी कोणालाही सांगणार नाही’ हे वचन तू दिलेले नसावे. पहिल्याच शनिवारी मुलांना स्पष्ट सांग की, घडी घातलेले पान मी उघडणार नाही, पण जे माझ्या हाती द्याल त्यातून तुम्हाला धोका आहे असे दिसले तर मी मदत मागणार. मग मुख्याध्यापकांशी आणि समुपदेशकांशी बोल. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक वर्गात लावलेला असू दे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तिथे शाळेच्या नावाचा विचार करत बसायचे नसते.

पालक विचारतीलच की, याचा दहावीला काय उपयोग. दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन असते, आणि त्यांतल्या पहिल्या दोहोंची खरी तयारी या वर्गात होते असे त्यांना सांग. ते खोटेही नाही. याहून जास्त वाद घालू नकोस.

वह्या तपासताना पहिल्या वाचनात लाल पेन हाती धरू नये असे मला वाटते. शुद्धलेखनाच्या चुका दुसऱ्या वाचनात दाखव, तेव्हा मुले त्या मनावर घेतात. पहिल्यांदा वाचशील तेव्हा जिथे तू थांबलीस त्या एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मार आणि समासात एक प्रश्न लिही : ‘होडी कलंडलेली होती म्हणतोस, ती कोणाची होती?’ ‘काका नंतर जेवायला थांबले का?’ उत्तर तुला ठाऊक नसेल असाच प्रश्न असू दे. पुढच्या शनिवारी त्या मुलाला वेगळा विषय द्यावा लागणार नाही.

तुझ्या यादीतले ‘झाडाचे मनोगत’ ठेवायचेच असेल तर ठेव, पण झाड शाळेच्या आवारातले, रोज दिसणारे असावे आणि ते माणसाबद्दल तक्रार करणार नाही अशी अट घाल. नवी यादी झाली की पाठव. मुलांच्या वह्या मात्र त्यांना विचारल्याशिवाय मला दाखवू नकोस.

तुझ्या,
बाई