अमेरिकेत बाजदारी करायची असेल तर: परवाना, घरतपासणी आणि बाजदारांमधले तट

आपल्या पत्रात आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. पुढच्या वर्षी नोकरीच्या निमित्ताने आपण अमेरिकेत येत आहात. आखातात असताना एका परिचितांच्या ससाण्यांची देखभाल आणि तालीम आपण काही हंगाम केली आहे आणि तेच काम, म्हणजे शिकारी पक्ष्याला शिकवून त्याच्याकडून शिकार करवण्याची बाजदारी, येथे स्वतःच्या पक्ष्यावर पुढे चालू ठेवण्याची आपली इच्छा आहे, तर ते कायद्याने कसे जमते, ही पहिली. बाजदारांच्या घरी सरकारी अधिकारी पूर्वसूचना न देता तपासणीला येतात हे खरे का, ही दुसरी. आणि हक्कांच्या प्रश्नावरून येथल्या बाजदारांमध्ये तट पडले आहेत असे आपल्या कानावर आल्यामुळे, नवख्याने कोणत्या संघटनेत जावे, ही तिसरी. मी येथे परवानाधारक बाजदार आहे आणि पक्ष्यासह एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बिऱ्हाडही हलवले आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दोन प्रश्नांत दडलेले असल्याने आपलाच क्रम ठेवतो.

अमेरिकेत शिकारी पक्षी बाळगणे हा हक्क नसून परवानगी आहे, आणि येथल्या सगळ्या वादांचे मूळ याच एका वाक्यात आहे. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याच्या कक्षेत शिकारी पक्षी आले ते १९७२ मध्ये, मेक्सिकोबरोबरच्या करारात झालेल्या दुरुस्तीमुळे. बाजदारीची पहिली संघीय नियमावली १९७६ मध्ये निघाली. २००८ मध्ये ती नव्याने लिहिली गेली आणि १ जानेवारी २०१४ पासून स्वतंत्र संघीय परवाना बंद होऊन सगळे काम राज्यांकडे गेले. संघीय नियम आता किमान अट म्हणून उरले आहेत. राज्याला त्याहून कडक नियम करता येतात, सैल करता येत नाहीत. हवाई वगळता सर्व राज्यांत बाजदारीला परवानगी आहे, परंतु कोणता पक्षी, कोणत्या महिन्यात, किती, याची उत्तरे राज्यागणिक बदलतात. म्हणून ‘अमेरिकेतला नियम काय’ असे न विचारता ‘त्या राज्यातला नियम काय’ असे विचारण्याची सवय आतापासूनच लावून घ्यावी. शिकारीचा नेहमीचा परवाना याशिवाय वेगळा काढावा लागतो.

परवान्याच्या तीन पायऱ्या आहेत: अप्रेंटिस, जनरल आणि मास्टर. अप्रेंटिसला एकच पक्षी ठेवता येतो, जनरलला तीन. मास्टरला रानातून धरलेले पाच आणि पैदास केंद्रात जन्मलेले कितीही. अप्रेंटिस म्हणून किमान दोन वर्षे काढावी लागतात आणि त्या प्रत्येक वर्षी किमान चार महिने पक्ष्याची देखभाल, तालीम, उड्डाण आणि प्रत्यक्ष शिकार झालेली असावी लागते. बाजदारीच्या एखाद्या शाळेतला अभ्यासक्रम पूर्ण करून हा काळ कमी करून घेता येत नाही. जनरल म्हणून पाच वर्षे झाल्यावर मास्टर होता येते.

बाहेरच्या देशातून राहायला आलेल्यासाठी नियमावलीत वेगळी तरतूद आहे. देखरेखीखाली घेतलेल्या परीक्षेत किमान ८० टक्के उत्तरे बरोबर आल्यास, त्या व्यक्तीने सादर केलेल्या अनुभवाच्या कागदपत्रांवरून कोणत्या पायरीचा परवाना द्यायचा ते राज्य ठरवते. आपण दुसऱ्याच्या पक्ष्यांवर काम केले, आपल्या नावावर पक्षी कधी नव्हता, आणि भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे असा कायदेशीर अनुभव मिळवण्याची सोयच नाही. तेव्हा आपल्याला अप्रेंटिस म्हणूनच सुरुवात करावी लागेल असे धरून चालावे. तरीही त्या परिचितांकडून सविस्तर पत्र जरूर घ्यावे: कोणत्या जातीचे पक्षी, कोणता काळ, कोणते काम, कोणत्या भक्ष्यावर उडवले. पायरी बदलली नाही तरी स्पॉन्सर, म्हणजे आपली हमी घेणारा बाजदार, मिळवताना ते पत्र उपयोगी पडते. एक अपेक्षाभंग आत्ताच करून टाकतो. अप्रेंटिसला बहिरी ससाणा ठेवता येत नाही. आपली सुरुवात बहुधा रेड-टेल्ड हॉक या लाल शेपटीच्या बाजाने होईल. आखातातल्या ससाण्यांवर हात बसलेल्या माणसाला हा पक्षी जड आणि गावंढळ वाटतो; पण झाडीतल्या सशावर किंवा खारीवर तो ज्या चिकाटीने जातो ते पाहिले की ही तक्रार फार काळ टिकत नाही.

हा पक्षी बहुधा आपणच रानातून धराल; दुसऱ्या परवानाधारकाकडूनही तो आपल्याला मिळू शकतो. अप्रेंटिसला घरट्यातले पिल्लू उचलता येत नाही. उडायला लागलेला, पण एक वर्षाच्या आतला पक्षी धरता येतो. रानात या वयाच्या पक्ष्यांपैकी मोठा हिस्सा पहिले वर्ष पुरे करत नाही, त्यामुळे एक-दोन हंगाम बाजदाराकडे राहून धष्टपुष्ट झालेला पक्षी परत सोडला तर रानाचे नुकसान होत नाही, हा येथल्या बाजदारीचा पाया आहे. रानातून धरलेला पक्षी कितीही वर्षे आपल्याकडे राहिला तरी कायद्याच्या लेखी रानचाच राहतो. तो विकता येत नाही आणि विकतही घेता येत नाही. पक्षी मिळाला, सोडला किंवा मेला की, किंवा हरवून ३० दिवसांत सापडला नाही तर, दहा दिवसांच्या आत ठरावीक अर्जावर नोंद करावी लागते.

स्पॉन्सर म्हणजे अप्रेंटिसची लेखी हमी घेणारा जनरल किंवा मास्टर बाजदार. सरकार तो नेमून देत नाही, आपणच शोधायचा असतो, आणि कोणताही बाजदार कारण न देता नाही म्हणू शकतो. म्हणजे या देशात बाजदारीचा दरवाजा उघडण्याचा अधिकार काही अंशी खाजगी माणसांच्या हाती आहे. यावर टीका होते आणि ती पूर्णपणे खोटी नाही: ज्याच्या ओळखी नाहीत, ज्याचे उच्चार वेगळे आहेत, जो शहरात राहतो, त्याला जास्त दारे ठोठवावी लागतात. असे असूनही ही पद्धत टिकावी असे माझे मत आहे, कारण शिकारीची भूक राहावी म्हणून पक्ष्याचे वजन किती उतरवावे आणि कुठे थांबावे, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा शेजारी उभा असलेला माणूसच वेळेवर सांगू शकतो. पहिल्या भेटीत परवान्याचा विषय काढू नये. राज्याच्या क्लबच्या मेळाव्याला जावे, दिवसभर इतरांच्या पक्ष्यांसाठी भक्ष्य उठवायला झुडपे झोडपत हिंडावे आणि विचारल्याशिवाय आखाताचे दाखले देऊ नयेत.

आता दुसरा प्रश्न. होय, हे खरे आहे, आणि ते तुमच्या सहीनेच होते. आपल्या पक्ष्यांची व त्यांच्या निवाऱ्याची तपासणी राज्याच्या अधिकाऱ्यांनी दिवसाच्या कोणत्याही वाजवी वेळी, पूर्वसूचना न देता करावी, यास आपली संमती आहे, असे निवेदन अर्जासोबत द्यावे लागते. तपासणीच्या वेळी परवानाधारक हजर असावा एवढी अट आहे. जागा भाड्याची असेल तर घरमालकाचीही सही लागते. बहुतेक ठिकाणी प्रत्यक्षात काय घडते, तर परवान्यापूर्वी एकदा निवारा, तराजू, आंघोळीचे भांडे, पायबंद पाहिले जातात आणि पुढे क्वचितच कोणी येते. तथापि अधिकार असणे आणि तो न वापरणे यांत फरक आहे. पोलिसाला घरात शिरण्यासाठी वॉरंट लागते, मग पक्षी पाळणाऱ्याने त्या संरक्षणावर आधीच पाणी का सोडावे, हा प्रश्न येथे न्यायालयात गेला आहे. ‘अमेरिकन फाल्कनरी कॉन्झर्व्हन्सी’ या संघटनेने आणि काही बाजदारांनी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात दावा दाखल केला. राज्यघटनेची चौथी दुरुस्ती झडतीपासून संरक्षण देते आणि परवान्याच्या बदल्यात ते सोडून देण्याची अट घालता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. खालच्या न्यायालयाने हा मुद्दा सुरुवातीलाच काढून टाकला होता. २०२४ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या, संघीय अपील न्यायालयाने तो सुनावणीयोग्य ठरवला.

त्याच दाव्यातला दुसरा मुद्दा अभिव्यक्तीचा आहे. नियमांप्रमाणे बाजदाराने आपल्या पक्ष्याचे चित्रीकरण बाजदारीविषयी किंवा पक्ष्यांच्या जीवनाविषयी असेल तर होऊ द्यावे, पण त्याचे पैसे घेऊ नयेत. शैक्षणिक कार्यक्रमासाठी शुल्क घेतले तर ते खर्च भरून निघेल इतकेच असावे. जाहिरात किंवा निव्वळ करमणूक यांसाठी पक्षी वापरू नये, असे नियम सांगतात. पक्षी सरकारच्या देखरेखीखाली आहे म्हणून बाजदाराच्या बोलण्यावरही देखरेख का, हा आक्षेप मला रास्त वाटतो.

हे वाचून आपल्याला वाटेल की सगळे बाजदार या दाव्याच्या पाठीशी असतील. तसे नाही, आणि येथूनच तट सुरू होतात. संपूर्ण देशात बाजदार अवघे काही हजार आहेत, तरी त्यांच्यात दोन स्वभाव स्पष्ट दिसतात. १९६१ मध्ये स्थापन झालेली ‘नॉर्थ अमेरिकन फाल्कनर्स असोसिएशन’, म्हणजे नाफा, ही सर्वांत मोठी राष्ट्रीय संघटना. तिचा कल सरकारी खात्यांबरोबर बसून नियम घडवण्याकडे राहिला आहे. त्यामागे इतिहास आहे. डीडीटी या कीटकनाशकामुळे बहिरी ससाणे नाहीसे होऊ लागले तेव्हा बाजदारी साफ बंद करावी असे म्हणणारे थोडे नव्हते. टॉम केड यांच्यासारख्या बाजदार शास्त्रज्ञाने १९७० मध्ये पेरेग्रीन फंडाची (पेरेग्रीन म्हणजे बहिरी ससाणा) स्थापना केली, बाजदारांच्याच कौशल्यावर पिल्लांची पैदास होऊन ती रानात सोडली गेली, १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली आणि १९९९ मध्ये हा पक्षी संकटग्रस्त यादीतून बाहेर पडला. कडक परवाने, परीक्षा आणि नोंदी आम्ही आपणहून स्वीकारल्या म्हणूनच आमच्यावर विश्वास ठेवला गेला, असे जुनी मंडळी म्हणतात. स्थलांतराच्या वाटेवरचे बहिरी ससाणे मर्यादित संख्येने धरण्याची मुभा २००९ पासून पुन्हा मिळाली, तीही याच विश्वासाचे फळ म्हणून ते दाखवतात.

दुसऱ्या बाजूची आठवण वेगळी आहे. १९८४ मध्ये संघीय वन्यजीव खात्याने ‘ऑपरेशन फाल्कन’ नावाची कारवाई केली. छुप्या माणसामार्फत काही वर्षे सापळे लावून नंतर अमेरिका आणि कॅनडात एकाच वेळी छापे घातले गेले. काहींना शिक्षा झाल्या; परंतु आखाताकडे होणाऱ्या पक्ष्यांच्या तस्करीचे जे प्रचंड चित्र तेव्हा रंगवले गेले ते कधी सिद्ध झाले नाही, असे अनेक बाजदार आजही म्हणतात. त्या काळात कोणी कोणाविरुद्ध माहिती दिली, यावरून तुटलेल्या मैत्र्या मी वयस्कर बाजदारांच्या बोलण्यात अजून ऐकतो. सरकारशी सलोखा हाच बचाव मानणे म्हणजे पुढच्या छाप्याची वाट पाहणे, अशी या गटाची धारणा झाली. हक्क मागून मिळत नाहीत, ते न्यायालयात ठरवून घ्यावे लागतात, ही कॉन्झर्व्हन्सीची भूमिका त्यातूनच समजते. सलोखावाद्यांना भीती वाटते की दाव्यामुळे चिडलेली खाती रानातून पक्षी धरण्याची मुभाच आवळतील. ती भीतीही निराधार म्हणता येणार नाही.

बाकीचे वाद लहान आहेत, पण मेळाव्यात तेच जास्त तापतात. रानचा पक्षी की पैदाशीचा, शुद्ध जात की संकर, उंचावरून झेप घेणारा ससाणा की मुठीवरून सुटणारा बाज, शिकार करणारा बाजदार की पिकांवरून आणि कचरा डेपोवरून पक्षी हाकलण्याचे पैसे घेणारा. यांपैकी शेवटचा वाद आपल्याशी संबंधित आहे. अशा कामासाठी वेगळा परवाना लागतो आणि तो असेल तर मोबदला घेता येतो. पण एच-वन-बी व्हिसावर आपल्याला ज्या मालकाने आणले त्याच्याखेरीज कोणाचेही पैसे घेऊन काम करता येत नाही. कोणी शनिवार-रविवारचे काम देऊ केले तरी नम्रपणे नकार द्यावा. पक्षी कायद्याच्या साध्या उल्लंघनालाही १५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि नागरिक नसलेल्या माणसाला गुन्ह्याच्या नोंदीचे परिणाम दंडापलीकडेही भोगावे लागू शकतात. हक्कांच्या लढाईत नागरिक जे धाडस करू शकतो ते आपण व माझ्यासारख्यांनी तोलून करावे, असे मी म्हणतो ते याच कारणाने. तत्त्व म्हणून मी घरतपासणीच्या अटीच्या विरोधात आहे. सही मात्र मी केली आहे, आणि आपणही करावी.

म्हणून संघटनेबद्दल सांगायचे तर पहिले सभासदत्व राज्याच्या क्लबचे घ्यावे. स्पॉन्सर तेथेच भेटतो आणि त्या राज्याच्या नियमांतले बारकावे तेथेच कळतात. राष्ट्रीय संघटनांपैकी कोणाकडे जायचे ते दोन वर्षांनी ठरवले तरी चालेल. दोन्हींचे सभासद असलेली माणसेही आहेत. स्पॉन्सर कोणत्या गटाचा आहे हे आधी जाणून घ्यावे, पण त्यावरून त्याची निवड करू नये.

घर घेण्यापूर्वी मात्र घाई करू नये. सदनिकेत हा छंद जमत नाही. मागे मोकळी जागा असलेले घर आणि तपासणीच्या निवेदनावर सही करायला तयार असलेला मालक, हे दोन्ही एकत्र मिळायला वेळ लागतो. जागा बदलली तर राज्याला कामकाजाच्या पाच दिवसांत कळवावे लागते. राज्यच बदलले तर जुन्या आणि नव्या अशा दोन्ही राज्यांना ३० दिवसांत कळवून नवा परवाना मागावा लागतो, आणि तोपर्यंत पक्षी आपल्याकडे ठेवता येतो. मायदेशी येण्याचा बेत आखताना आणखी एक हिशेब ठेवावा. परवाना नसलेली व्यक्ती आपल्या जागेत आपल्या पक्ष्याची देखभाल सलग ४५ दिवसांपर्यंत करू शकते, परवानाधारक बाजदार १२० दिवसांपर्यंत. पक्षी परवानाधारकाकडे ठेवला तर आपले सहीचे पत्र त्याच्याजवळ असावे लागते. शिकारीचा हंगाम आणि लग्नसराई एकाच वेळी येत असल्याने हे पत्र लिहून देण्याची वेळ आपल्यावर पहिल्याच हिवाळ्यात येईल, तेव्हा त्यासाठी भरवशाचा माणूस स्पॉन्सरला विचारून आधीच हेरून ठेवावा.