वाचकांचे प्रश्न : निवृत्तीच्या पैशातून चांदीच्या विटा घ्याव्यात का?

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेतून मी मे महिन्यात ५८ व्या वर्षी निवृत्त झालो. पेन्शन सुरू आहे. ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीचे मिळून २८ लाख जुलैमध्ये खात्यात आले. साडू म्हणतात, "भाऊ, बँकेत पैसा सडतो. खामगाव जवळच आहे, दहा लाखांच्या चांदीच्या विटा घेऊन टाका." घरी पत्नीचे ९ तोळे सोने आहे. काय करावे?
– एक निवृत्त शिक्षक, जि. बुलढाणा

उत्तर : गुरुजी, दहा लाखांच्या विटा घेऊ नका. खामगावची चांदी नावाजलेली आहे, तिथल्या कारागिरांचा मलाही अभिमान आहे. पण भाव काही खामगावात ठरत नाही. एप्रिल २०११ मध्ये जागतिक बाजारात चांदी औंसाला (म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमला) ४९ डॉलरच्या जवळ गेली होती. २०१५ संपताना ती १४ डॉलरच्या आसपास होती. त्या मधल्या वर्षांत घरात कुणाचं ऑपरेशन निघालं असतं तर? शिवाय दहा लाखांच्या मालावर ३ टक्के जीएसटी, म्हणजे ३० हजार रुपये, घेतानाच जातात. विकताना ते परत मिळत नाहीत, वर दुकानदाराचा विकण्याचा भाव वेगळा आणि घेण्याचा वेगळा.

मी बँकेत सोनेतारणाच्या खिडकीवर बसलेली बाई आहे. जूनमध्ये पेरणी तोंडावर आली की लोक गोफ, पाटल्या, पोत घेऊन येत आणि बी-खताचे पैसे घेऊन जात. एकदा एक शेतकरी सोन्याचं बिस्कीट घेऊन आले. माल शुद्ध, बिल पक्कं. तरी त्यांना परत पाठवावं लागलं, कारण बिस्कीट किंवा विटेवर कर्ज द्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी नाही. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. बँकेनं स्वतः विकलेलं नाणंही बँक परत विकत घेत नाही. म्हणून धातू घेताना भाव विचारण्याआधी हे विचारा, की अडचणीच्या दिवशी यावर पैसे कोण देईल?

आता ते ९ तोळे. ते स्त्रीधन आहे, त्यावर हक्क वहिनींचा. म्हातारपणाच्या हिशेबात ते धरायचं की नाही, हे त्यांना विचारल्याशिवाय ठरवू नका. त्या हो म्हणाल्या तर तुमच्या घरात धातूचा वाटा आजच पुरेसा आहे. नाही म्हणाल्या, तर २८ लाखांतले दोन-अडीच लाख सोन्यात घाला, त्याहून जास्त नको. साधी बांगडी किंवा गोफ घ्या. नक्षी जितकी जास्त तितकी घडणावळ जास्त, आणि तीही बुडीतच. दागिन्यावर ९१६ चा हॉलमार्क, म्हणजे २२ कॅरेटच्या शुद्धतेचा शिक्का, आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, पाहा. तो क्रमांक बीआयएस केअर या सरकारी अ‍ॅपवर दुकानातच तपासता येतो. पैसे चेकनं द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं दुकानदारालाही कायद्यानं मना आहे.

लॉकरबद्दल एक सांगते. चोरी झाली किंवा आग लागली आणि चूक बँकेची ठरली, तरी बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच. भाडं २,००० असेल तर दोन लाख. विटा गावातल्या घरात ठेवायच्या म्हटलं तर दोघांना एका लग्नालाही निर्धास्त जाता येणार नाही.

खरी घाई दुसरीकडे आहे. सरकारची ज्येष्ठ नागरिक बचत योजना एरवी ६० वर्षांनंतर, पण निवृत्त झालेल्यांना ५५ नंतरही खुली आहे. अट अशी, की निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडायला हवं. ८.२ टक्के दरानं २० लाखांवर दर तिमाहीला ४१,००० रुपये व्याज येतं. तुमचे पैसे जुलैत आले, म्हणजे ऑक्टोबरात ही संधी संपते. निवृत्तीचा आदेश आणि पैसे जमा झाल्याची नोंद असलेलं पासबुक घेऊन याच आठवड्यात पोस्टात जा.