बनावेची भातशेती खरी आहे का, आणि ते गाव चालतं कसं

तुम्ही विचारलंय, फिलिपिन्समधल्या बनावेच्या डोंगरावरच्या भातखाचरांत अजून शेती होते, की पर्यटकांसाठी नुसता देखावा राखलाय? आणि दोन दिवसांत काय बघावं? मी मनिलात राहतो आणि तिकडे जाणं-येणं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. शेती खरी आहे. पण ती विकण्यासाठी कधीच नव्हती, घरच्या खाण्यासाठी होती. ही गोष्ट ध्यानात घेतली की बाकीचं सगळं उलगडतं.

बनावे लुझोन बेटाच्या उत्तरेला, कॉर्डिलेरा डोंगररांगेतल्या इफुगाव प्रांतात आहे. मनिलाहून रात्रीच्या बसने नऊ-दहा तास लागतात. तिथली म्युनिसिपालिटी म्हणजे आपल्याकडची शहरी नगरपालिका समजू नका. आपल्या एखाद्या छोट्या तालुक्यासारखा प्रकार आहे: 18 बारांगाय म्हणजे गावं, वीस हजारांच्या आसपास वस्ती, दर तीन वर्षांनी निवडून येणारा मेयर आणि त्याचं मंडळ. बाजार, हॉटेलं आणि ट्रायसिकलची गर्दी मधल्या पेठेत. बाकी गावं उतारांवर विखुरलेली, काही तर अगदी पायवाटेवरची.

जुन्या हजार पेसोंच्या नोटेवर बनावेची खाचरं होती. तरी युनेस्कोच्या 1995 च्या जागतिक वारसा यादीत व्ह्यूपॉइंटवरून दिसणारा तो प्रसिद्ध भाग नाही. यादीतल्या पाच जागांपैकी बाताद आणि बंगाआन या दोन बनावेच्या हद्दीत आहेत. उरलेल्या तीन मायोयाव, हुंगदुआन आणि किआंगन या शेजारच्या म्युनिसिपालिट्यांत. त्यामुळे व्ह्यूपॉइंटवर फोटो काढून मागे फिरणाऱ्यांना बनावे दिसतच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

खाचरं दोन हजार वर्षांची आहेत, असं सगळीकडे लिहिलेलं आढळेल. पुरातत्त्वज्ञ स्टीफन आकाबादो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या किआंगनला उत्खनन केलं, त्यावरून पाण्यातलं भात इथे साधारण चारशे वर्षांपूर्वी आलं असं दिसतं. स्पॅनिश सत्ता खालच्या खोऱ्यात सरकू लागली तेव्हा लोक डोंगरात वर चढले आणि त्यांनी ही शेती उभी केली, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. इतक्या थोड्या पिढ्यांत माणसांनी अख्खे डोंगर बांधून काढले, हे कळल्यावर माझा त्यांच्याबद्दलचा आदर वाढलाच.

आता पाण्याचं. खाचरांच्या वर प्रत्येक घराण्याचं राखलेलं रान असतं, त्याला मुयोंग म्हणतात. ते रान पाऊस धरतं, झरे जिवंत ठेवतं. पाटाचं पाणी वरच्या खाचरातून खालच्या खाचरात उतरत जातं. पीक नसलं तरी खाचर वर्षभर भरलेलं ठेवावं लागतं, कारण माती वाळली की भेगा पडतात आणि पुढच्या मोठ्या पावसात पाणी भेगांत शिरून बांध ढासळतो. ढासळताना खालचे दोन-चार बांध सोबत घेऊन जातो. म्हणजे एकाने शेत पडीक टाकलं की भोगावं लागतं खालच्या शेजाऱ्याला.

बांध पडला की ओढ्यापासून माणसांची रांग लागते. दगड हातोहात वर येतो, दगडाला दगड चपखल बसवतात, मागे चिखल भरून पायांनी तुडवतात. मजुरी नसते. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. आंबेगाव-जुन्नरकडच्या डोंगरांत पडकई, म्हणजे एकमेकांच्या शेतात मिळून राबणं, ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. पण रांगेला माणसं हवीत ना! अडचण तिथेच आहे.

इथलं पारंपरिक भात तिनावोन. थंडी सोसणारं, उशिरा तयार होणारं, वर्षातून एकदाच येणारं. हिवाळ्यात लावणी, जून-जुलैत कापणी. कापणी-बेणणीच्या वेळी बाया हुदहुद गातात. लांबलचक वीरकथा, एकजण सांगते, बाकीच्या साथ धरतात. कापणीनंतर पेंढा आणि तण पाण्यातच ओढून त्याचे गोल ढीग रचतात, त्यावर भाजी लावतात, आणि पुढच्या लावणीआधी तेच कुजलेलं खत शेतभर पसरतात. मला या शेतीतलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच वाटतं.

पण एका पिकाचं भात बऱ्याच घरांना वर्षभर पुरत नाही. रोकड लागतेच: शाळेला, दवाखान्याला. मग तरुण मंडळी बागियो, मनिला किंवा परदेश गाठतात. रीतीप्रमाणे चांगली खाचरं थोरल्या मुलाला किंवा मुलीला मिळतात, आणि शिकून बाहेर पडण्यात आज बहुतेकदा थोरलंच पुढे असतं. त्यात 1980 च्या दशकात खाण्यासाठी म्हणून देशात आणलेली सोनेरी गोगलगाय कोवळी रोपं फस्त करते, आणि मोठी गांडुळं बांध पोखरतात. 2001 मध्ये युनेस्कोने ही जागा धोक्यातल्या वारशांत टाकली तेव्हा सुमारे 25 ते 30 टक्के खाचरं पडीक होती. 2012 मध्ये ती त्या यादीतून निघाली, डागडुजी झाली, हे खरं. पण थोरलं मूल घर सोडतंय ते सोडतंयच. घर चालवायला रोकड शेतातूनच आली पाहिजे, आणि म्हणून तिनावोनला चांगला भाव मिळण्याला मी पर्यटनापेक्षा जास्त महत्त्व देतो. पर्यटनाचा पैसा बराचसा पेठेत थांबतो, बांध घालणाऱ्याच्या हाती कमी पडतो.

तेव्हा दोन दिवस असतील तर असं करा. पहिल्या सकाळी पेठेत न रेंगाळता बातादला जा. रस्ता संपतो तिथून पायी उतरायचं आहे. मुक्काम गावातल्याच घरी करा आणि वाटाड्या तिथलाच घ्या. दुसऱ्या दिवशी परतताना बंगाआन. तिथे खाचरांच्या मधोमध जुनी वस्ती आहे, चार खांबांवरची घरं आणि उंदीर चढू नयेत म्हणून खांबांना लावलेल्या लाकडी चकत्या जवळून बघता येतात. हिरवंगार हवं तर एप्रिल-मे, कापणी बघायची तर जून-जुलै. पण पावसाळ्यात दरडी कोसळतात, जुलै 2022 मध्ये खुद्द पेठेत चिखलाचा पूर आला होता. त्या दिवसांत गेलात तर हाताशी एक दिवस जादा ठेवा. बांध अरुंद असतात, समोरून ओझं घेऊन कोणी आलं तर आधी तुम्ही बाजूला व्हा. तांदूळ शेतकऱ्याकडूनच घ्या आणि घासाघीस करू नका. मनिलाची बस संध्याकाळी सुटते, तिकीट पोचल्या दिवशीच काढून ठेवा.