निसर्ग वादळानंतर पोफळीची वाडी

‘निसर्ग’ वादळात रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा एवढ्या का पडल्या आणि अशी वाडी, म्हणजे बाग, सावरायची कशी, असा तुमचा प्रश्न आहे.

3 जून 2020 च्या दुपारी वादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातच जमिनीवर चढलं, ताशी शंभरहून जास्त किलोमीटरच्या वाऱ्यानिशी. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड उंच, सडपातळ, मुळं उथळ. वरून माड कोसळला की खालच्या पोफळीही घेऊन जातो. पोफळीला शेंडा एकच. तो मोडला की नवा फुटवा नाही. नवं रोप फळायला पाच-सात वर्षं लागतात.

तरी माझं मत असं की आधी उभी राहिलेली झाडं वाचवा. वादळामागोमाग पाऊस लागतो आणि चिरफाळलेल्या शेंड्यात कोळेरोग (बुरशीमुळे होणारी कूज) शिरतो. उघडीप मिळताच एक टक्का बोर्डो हे बुरशीनाशक मिश्रण फवारा: एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) 50 लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या 50 लिटरमध्ये. भांडी प्लॅस्टिकची घ्या. मोरचुदाचं पाणी चुन्यात ओता, उलटं नको. लोखंडी सुरी बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर चुना वाढवा, नाहीतर पानं करपतात. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

दुसरा घाव ऑक्टोबरात बसतो. माडांची सावली गेलेली असते, नैऋत्येचं ऊन थेट खोडावर येतं. साल पिवळी, मग तपकिरी होते, खोड चिरतं आणि पुढच्या वाऱ्यात तिथेच मोडतं. पाऊस सरायच्या आत त्या बाजूने झावळ्या किंवा पोफळीच्या विऱ्या (झावळीचे रुंद बुडखे) बांधा. हे फार जण विसरतात.

कललेलं कोवळं झाड मुळं ओली असेपर्यंतच दोराने सरळ करा, टेकू द्या, बुंध्याशी माती चढवा. पडलेले माड वाडीत कुजू देऊ नका, त्यात माडाचे शेंडे पोखरणारा गेंड्या भुंगा वाढतो.

पंचनाम्यात क्षेत्रासोबत झाडांची संख्याही लिहून घ्या. तेव्हा सरकारी भरपाई आधी नुसत्या क्षेत्रावर, हेक्टरी 50,000 रुपये जाहीर झाली, म्हणजे गुंठ्याला 500. गुंठ्यात 2.7 मीटर अंतराने तेरा-चौदा पोफळी बसतात. झाडामागे चाळीस रुपयेसुद्धा पडत नाहीत! पुढे सुपारीला झाडामागे 50 आणि नारळाला 250 रुपये ठरले.

नवी लागवड उघड्यावर करू नका. आधी केळी लावा, तिची सावली धरली की मग पोफळीचं रोप.