पिंजऱ्यात एमएमएच्या (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं अशा) लढती भरवणारी ब्रिटनची केज वॉरियर्स एवढी मोठी कशी झाली? मी लीड्समध्ये शिकतो, एखादा शो बघायला जावं का?

घरच्या पोराला हरू दिलं, म्हणून मोठी झाली. पैसा, टीव्ही, इंटरनेट हे सगळं आहेच, पण ते बाकीच्यांकडेही होतं. लंडनची केज रेज बघा, तीही असल्याच लढती भरवायची. दोघींचे शो २००२मध्येच सुरू झाले. केज रेजकडे तर ब्राझीलचा नावाजलेला अँडरसन सिल्वा चॅम्पियन होता. पुढे ती प्रोएलीट या अमेरिकन कंपनीने विकत घेतली आणि २००८मध्ये प्रोएलीट बसली तशी तीही बसली. केज वॉरियर्सही २०१५मध्ये थंडावली होती, पण वर्षभराने परत उभी राहिली. का, ते सांगतो.

एप्रिल २०१७, लिव्हरपूलचा एको अरीना. आमचे दाजी ताईबरोबर इकडे आले होते. कोल्हापूरच्या तालमीत वाढलेला माणूस. तिकीट लावून पिंजऱ्यात चालते ती सगळी नुरा, म्हणजे आधीच ठरवून केलेली कुस्ती, हे त्यांचं मत पक्कं होतं. सुरुवातीच्या एका लढतीत एकाने वाकून समोरच्याचा पाय धरला. डोकं आत, गुडघ्यामागे दोन्ही हातांची कडी, आणि खांद्याचा रेटा. दाजी ताडकन उठले, "आरं, ह्यो आपला एकेरी पट!" पुढच्या गोऱ्याची बिअर सांडता सांडता राहिली.

मुख्य लढत पॅडी पिंब्लेट आणि नॅड नरीमानीची. पॅडी लिव्हरपूलचाच, फेदरवेट या वजनगटाचा चॅम्पियनचा पट्टा त्याच्याकडे आणि अख्खं अरीना त्याच्या नावाने ओरडतंय. दाजी म्हणाले, "हितं ह्यो पोरगा हारला तर मिशी काढतो." पाच मिनिटांचे पाच राउंड झाले आणि पंचांनी नरीमानीला विजयी केलं. पट्टा गेला. दाजी शांतपणे म्हणाले, "हारायचं पैसं दिलं आसतील." मिशी अजून आहे.

आता मला सांगा, गल्ला भरणारा पोरगा त्याच्याच गावात कोण पाडतं? एखादा बकरा समोर देऊन सहज वाचवता आला असता. पुढच्या वर्षी लिव्हरपूलमध्येच लाइटवेट या वरच्या वजनगटाच्या पट्ट्यासाठी तो सोरेन बाककडूनही हरला. यूएफसीत, म्हणजे या खेळातल्या सगळ्यात मोठ्या अमेरिकन संस्थेत, गेला तो २०२१मध्ये. इथे घरच्या पोरालाही सांभाळून घेत नाहीत, म्हणून केज वॉरियर्सचा पट्टा घेऊन कोणी आला की यूएफसीवाले त्याला मोजतात. आयर्लंडच्या कॉनर मॅकग्रेगरने २०१२ मध्ये डब्लिनला फेदरवेट आणि लाइटवेट असे दोन पट्टे जिंकले आणि २०१३च्या एप्रिलमध्ये तो यूएफसीत उतरला. मायकेल बिस्पिंगही आधी इथलाच चॅम्पियन, २०१६मध्ये यूएफसीचा चॅम्पियन झाला. तयार झालेला गडी अडवून ठेवायचा नाही, हा केज वॉरियर्स चालवणाऱ्या ग्रॅहम बॉयलनचा धंदा मला तरी हुशारीचा वाटतो. मार्च २०२०मध्ये सगळं बंद पडत असताना लंडनचा शो उचलून मँचेस्टरला रिकाम्या हॉलमध्ये घेतला, तो मात्र मला आगाऊपणा वाटला.

शोला जरूर जा. पिंजऱ्याचा खांब आड येणार नाही अशी सीट बघा.

लढायचा विचार असेल तर थांबा. यूएफसीत उतरायच्या आठवडाभर आधीपर्यंत आपण १८८ युरोचा बेकारभत्ता घेत होतो, असं खुद्द मॅकग्रेगरने सांगितलंय. आणि हो, २०१६मध्ये ज्युलियन एरोसाविरुद्ध पॅडीला दिलेला निकाल मलाही पटला नव्हता. दाजी दर दिवाळीला फोनवर तेवढाच काढतात. पण पंच चुकणं वेगळं आणि लढत ठरवून करणं वेगळं, हे त्यांना कोण सांगणार? गावच्या जत्रेत दोन नावाजलेले पैलवान पाऊण तास एकमेकांच्या माना धरून उभे राहतात, कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि इनाम निम्मं निम्मं वाटून घेतात, हे मला लहानपणी दाजींनीच सांगितलंय.