मूल वहीत लिहीत नाही, मग ते शिकते आहे का?

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. तिच्या बालवाडीत पाणी ओतणे, बिया निवडणे, माती मळणे, ठोकळे रचणे असेच सगळे चालते. वही-पेन्सिल जवळजवळ नाहीच. शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा शंभरपर्यंत अंक लिहितो. बालवाडीतील ताई म्हणतात, हातांनी केलेले पक्के होते. मला ते पटते, पण पहिलीत गेल्यावर ती मागे पडेल अशी धास्तीही वाटते. या सगळ्यातून ती नेमके काय शिकते आणि घरी मी काय करावे?

उत्तर : तुमची धास्ती समजण्यासारखी आहे. वहीतले अंक डोळ्यांना दिसतात आणि आल्यागेल्याला दाखवता येतात. बिया निवडताना मुलीच्या मनात काय चालले आहे, ते मात्र तिच्याजवळ बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून आधी एक छोटी पाहणी करा. तिच्यासमोर पंधरा-वीस मोठी बटणे ठेवा आणि "मला यातली पाच दे" एवढेच म्हणा. वीसपर्यंतचे अंक घडाघडा म्हणणारी पुष्कळ मुले अशा वेळी मूठभर बटणे उचलून आपल्या हातावर ठेवतात. काही मुले एकेका बटणावर बोट ठेवून अगदी नीट मोजतात, पण "मग किती झाली?" असे विचारताच पुन्हा एकपासून मोजायला लागतात. मोजताना शेवटी उच्चारलेला अंक हीच सगळ्या बटणांची एकूण संख्या, ही समज त्यांना अजून यायची असते. प्रत्येक ताटापाशी एक चमचा ठेवताना, एक कमी पडला म्हणून परत जाऊन आणताना, उरलेला जागेवर नेऊन ठेवताना ती हळूहळू येते. शेजारच्या मुलाला ती आलेली असेलही आणि नसेलही. त्याची वही पाहून ते ठरवता येणार नाही.

पाणी ओतण्याचेही तसेच आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे (1896–1980) यांनी दाखवून दिलेली गोष्ट कोणालाही घरी पाहता येते. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी भरा आणि ते सारखेच आहे हे मुलीकडून वदवून घ्या. मग एका पेल्यातले पाणी तिच्यादेखत उंच, अरुंद पेल्यात ओता. सहा-सात वर्षांखालील बहुतेक मुले उंच पेल्यात पाणी जास्त आहे असे ठामपणे सांगतात, कारण त्यांचे सगळे लक्ष पाण्याच्या उंचीवर खिळलेले असते. येथे तिला लगेच दुरुस्त करू नका. आपण समजावले की मूल "हो" म्हणते, पण त्याचे मत बदललेले नसते. तिला वेगवेगळ्या आकारांची भांडी द्या, ओतू द्या, सांडू द्या. उंची आणि रुंदी यांचा एकत्र विचार करण्याची तयारी अशा अनुभवांतून आणि वयानुसार होत जाते.

मात्र साहित्य पुढे ठेवले आणि आपण बाजूला झालो की आपले काम संपले, असे मी मानत नाही. हाताने जे केले त्याला शब्द मिळाले, तर ते मुलाला पुन्हा आठवता येते, दुसऱ्याला सांगता येते. मूल बादली उचलण्याचा प्रयत्न करत असताना "किती जड झाली, काठोकाठ भरली ना!" असे जवळच्या माणसाने म्हटले, तर जड आणि काठोकाठ हे शब्द त्या क्षणी दंडाला बसलेल्या ताणासकट त्याच्या भाषेत येतात. सतत बोलत राहिल्याने मात्र मुलाचे लक्ष उडते. ते स्वतःच थांबून तुमच्याकडे पाहील, तेव्हा बोलावे.

लेखनाची तयारीही याच कामांत होत असते. माती मळणे, ओला स्पंज पिळणे, कपड्यांचे चिमटे लावणे आणि काढणे, कागद पट्ट्यापट्ट्यांनी फाडणे यांतून मनगटाला ताकद येते आणि अंगठा व पहिली दोन बोटे मिळून काम करायला शिकतात; पेन्सिल धरायला तीच बोटे लागतात. अक्षरांशी वैर धरण्याचे काहीच कारण नाही. मुलीने "माझे नाव कसे लिहायचे?" असे विचारले, तर आनंदाने दाखवा, खरखरीत कागदातून कापलेले अक्षर बोटाने गिरवत त्याचा आवाज तोंडाने म्हणू द्या. रोजच्या कामांत तिला खरा वाटा द्या: धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणे, रोपांना पाणी घालणे, ताटे मांडणे. काम तुमच्यापेक्षा तिप्पट वेळ घेईल हे गृहीत धरा, आणि घाईच्या वेळी ते देऊ नका.

प्रश्न : मी बालवाडी चालवते. आमच्याकडे दर आठवड्याला कृतिदिन असतो. कागदाचे मासे, फुलपाखरे असे काही आम्ही आधी कापून ठेवतो, मुले ते चिकटवतात आणि घरी नेतात. पालक समाधानी आहेत, पण मुले थोड्याच वेळात कंटाळतात. यात काय कमी पडते?

उत्तर : त्या कृतीत मुलाने स्वतः किती निर्णय घेतले, हे एकदा तपासून पाहा. आकार तुम्ही ठरवला, कापला तुम्ही, डोळा कोठे लावायचा हेही तुम्हीच सांगितले. मुलाच्या वाट्याला फक्त डिंक आला. हात चालले, पण विचार करण्यासारखे काही उरलेच नाही. प्रत्येक अनुभव शिकवतोच असे नाही, हे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी आग्रहाने मांडले होते, आणि पूर्वप्राथमिक वर्गांत त्याची आठवण फार कमी ठेवली जाते असे मला वाटते.

मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले. त्यांच्या साहित्यातील दट्ट्यांची पेटी पाहा. लाकडी ठोकळ्यात 10 खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत नेमका एकच दट्ट्या बसतो. एखादा बारीक दट्ट्या रुंद खाचेत गेला की शेवटी एक जाड दट्ट्या उरतो आणि तो कोठेच बसत नाही. चूक झाल्याचे बाईंनी सांगावे लागत नाही, साहित्यच सांगते. मूल सगळे बाहेर काढते आणि पुन्हा सुरुवात करते. अशा कामात तीन-चार वर्षांचे मूलही आपणहून बराच वेळ रमते.

हे विकतच्या साहित्यानेच साधते असे नाही. एक लांब फळी एका टोकाला टेकवून उतार करा आणि जवळ चेंडू, ठोकळा, दोऱ्याचे रीळ, झाकण, दगड ठेवा. वस्तू सोडण्यापूर्वी "आता काय होईल?" असे विचारा. "का?" हा प्रश्न या वयात बहुधा मुलांना गप्प करतो, "काय होईल?" ला मात्र प्रत्येकाकडे उत्तर असते आणि ते खरे ठरते की नाही, हे लगेच दिसते. रीळ आडवे ठेवले तर घरंगळते आणि उभे ठेवले तर घसरते किंवा अडून राहते, हे कोणा एका मुलाच्या लक्षात आले की बाकीची मुले आपोआप त्याच्याभोवती जमतात. त्या वेळी घंटा झाली म्हणून फळी उचलू नये. दुसऱ्या दिवशीही ती तेथेच असावी, कारण मुले तोच प्रयोग पुनःपुन्हा करून पाहतात. पालकांना घरी पाठवायला काही हवे असेल, तर त्या दिवशी मूल जे वाक्य बोलले, ते त्याच्याच शब्दांत चिठ्ठीवर लिहून द्या.

प्रश्न : माझा नातू अडीच वर्षांचा आहे. त्याला बिया, मणी, पाणी असे खेळायला द्यावे का?

उत्तर : पाणी द्यावे, पण कोणीतरी हाताच्या अंतरावर बसून, काही सेंटीमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकते, म्हणून खेळ संपताच भांडे रिकामे करावे. बिया आणि मणी तीन वर्षांनंतर, आणि त्यानंतरही मूल वस्तू तोंडात घालत नाही याची खात्री झाल्यावरच द्यावेत. त्याऐवजी मोठी झाकणे, लाकडी चमचे, कापडाचे तुकडे द्या. खेळण्यांतील चपट्या गोल बॅटऱ्या आणि पाण्यात फुगणारे रंगीत मणी मात्र मुलांच्या हाती लागतील असे ठेवूच नका. ती बॅटरी गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते आणि तो मणी पोटात गेल्यावरही फुगत राहतो. गिळल्याची नुसती शंका आली, तरी लक्षणांची वाट न पाहता थेट रुग्णालयात न्यावे.